तबकडीमागचा पगारदार : जॉर्ज मार्टिन



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहावे आणि इंग्लंडातील रॉक संगीताच्या तबकड्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमच्या युनियनमधील सहकाऱ्यांनाही ते वाटले. तुम्हांला सा कळत नाही आणि रे कळत नाही, मग हा उपद्व्याप कशाला, असे त्यांनी तोंडावर विचारले. प्रश्न रास्त आहे. संगीतातले आम्हांला जे काही कळते ते रात्रशाळेनंतर पुस्तके वाचून आणि तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकून कळले आहे. परंतु पगार, बोनस, ओव्हरटाइम आणि नफा यांतले थोडेफार कळते; आणि जॉर्ज मार्टिन याच्या चरित्रात संगीताइतकेच हेही विषय भरलेले आहेत. बीटल्स या चौकडीवर आजवर ढीगभर पुस्तके निघाली. त्यांत मार्टिनला 'पाचवा बीटल' म्हणून एका मखरात बसविलेले असते. मखरातल्या मूर्तीला पगार किती होता, हे विचारण्याची रीत नाही. आज आम्हांला नेमके तेच विचारावयाचे आहे.

प्रथम हा धंदा काय ते सांगू. नाटकाला जसा दिग्दर्शक, तसा तबकडीला निर्माता. गाणे कोणते घ्यावे, लय किती ठेवावी, साथीला कोणती वाद्ये असावीत, मायक्रोफोन कुठे लावावा, दहा वेळा गायिलेल्यांपैकी कोणते राखावे आणि फीत कुठे कापून कुठे जोडावी, हे सारे तो ठरवितो. १९६० च्या सुमारास इंग्लंडात त्याला निर्माता असे कोणी फारसे म्हणतही नसे. तो कंपनीच्या पगारपत्रकावरचा 'रेकॉर्डिंग मॅनेजर' असे. आमच्या गिरण्यांतल्या जॉबरशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु ती पुरती जुळत नाही. जॉबर माणसे लावी, काढी आणि वर दस्तुरी घेई. मार्टिनने माणसे लावली आणि बाजूला बसविलीही, ते पुढे येईलच. दस्तुरी मात्र त्याच्या हाती कधी पडली नाही.

त्याचा जन्म ३ जानेवारी १९२६ चा, उत्तर लंडनमधला. बाप सुतार. हातात कसब होते, पण १९३० नंतरच्या मंदीत कसबाला गिऱ्हाईक उरले नाही. बेकारीत दिवस काढून शेवटी त्याने रस्त्यावर उभे राहून वर्तमानपत्रे विकली. घरात पियानो आला तेव्हा पोरगा सहा वर्षांचा होता. पुढे शिकवणी लागली, ती सहा-आठ धड्यांतच बंद पडली, कारण आईचे आणि शिकविणाऱ्याचे बिनसले. तेथून पुढे तो आपला आपणच शिकला. शाळेत असताना बीबीसीचा वाद्यवृंद तेथे वाजवून गेला. लाकूड, तार आणि फुंकर यांतून असला आवाज निघतो कसा, याचे त्याला जे आश्चर्य वाटले ते जन्मभर ओसरले नाही. युद्धखात्यात त्याने काही काळ कारकुनी केली आणि १९४३ साली तो नौदलाच्या विमानशाखेत भरती झाला. अधिकाऱ्यांच्या सहवासात त्याची बोलण्याची ढब पालटली. सुताराच्या पोराला पुढे लोक खानदानी सरदाराचा मुलगा समजू लागले, ते या ढबीमुळे. इंग्लंडात माणसाची जात त्याच्या उच्चारावरून ओळखतात. आपण आडनावावरून ओळखतो, एवढाच फरक.

१९४७ साली सैन्यातून सुटल्यावर त्याला लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेत तीन वर्षे शिकता आले. तेथे त्याने रचना, पियानो आणि ओबो, म्हणजे आपल्या सनईच्या कुळातले वाद्य, यांचा अभ्यास केला. हा खर्च सैनिकांसाठीच्या सरकारी अनुदानातून झाला. अॅटलींचे मजूर सरकार तेव्हा अधिकारावर होते. चरित्रकार ही गोष्ट एका ओळीत उरकतात. आम्हांला ती फार मोठी वाटते. हे अनुदान नसते तर बापाची रंधा-पटाशी नाही तर युद्धखात्यातली खुर्ची, एवढीच निवड त्याच्यापुढे उरली असती.

१९५० च्या नोव्हेंबरात तो ईएमआय कंपनीत लागला. आपल्या घराघरांत कुत्रा आणि कर्णा या चित्राची जी तबकडी आली, तिच्या मागे हीच कंपनी. १९३१ साली ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया कंपनी एक होऊन ती झाली होती, आणि डमडमच्या कारखान्यातून हिंदुस्थानचा बाजार तिच्याच हाती होता. मार्टिन आला तो तिच्या पार्लोफोन नावाच्या धाकट्या शाखेत, ऑस्कर प्रॉइस या वडीलधाऱ्या प्रमुखाचा मदतनीस म्हणून. आठवड्याला पगार सुमारे सात पौंड. १९५५ साली प्रॉइस निवृत्त झाला आणि एकोणतिसाव्या वर्षी मार्टिन शाखेचा प्रमुख झाला.

मोठे गवई कंपनीच्या थोरल्या शाखांकडे जात. पार्लोफोनच्या वाट्याला उरलेसुरले येई, म्हणून मार्टिनने विनोदी तबकड्या काढावयास घेतल्या. पीटर उस्तिनोव्ह, पीटर सेलर्स यांच्या आवाजांच्या नकला, दारांचे करकरणे, उलट्या फिरविलेल्या फिती, वेगाने पळविलेले सूर, असा तो उद्योग होता. सेलर्स आणि सोफिया लॉरेन यांचे हिंदी डॉक्टरच्या बोलण्याची टर उडविणारे गाणेही १९६० साली त्यानेच मुद्रित केले. ते आम्हांला मुळीच हसवीत नाही. परंतु फितीशी खेळण्याची त्याची सारी उमेदवारी या विनोदात झाली. पुढे ज्या करामतींसाठी जगाने त्याला डोक्यावर घेतले, त्यांतल्या बऱ्याचशा येथे थट्टामस्करीच्या निमित्ताने हाताखालून गेल्या होत्या.

आता १९६२ साल. डेक्का कंपनीने नाकारलेली लिव्हरपूलची चार पोरे ६ जून रोजी ईएमआयच्या अॅबे रोड येथील स्टुडिओत आली. मार्टिनला त्यांची गाणी बेताची वाटली, पोरे आवडली. ढोलवाला मात्र पसंत पडला नाही. तबकडीसाठी आपण बाहेरचा वादक आणू, असे त्याने त्यांच्या व्यवस्थापकाला सांगितले. ऑगस्टमध्ये चौकडीने पीट बेस्टला काढले आणि रिंगो स्टारला घेतले. मार्टिनने ११ सप्टेंबरच्या सत्राला अँडी व्हाइट हा रोजावरचा वादक ढोलावर बसविला आणि रिंगोच्या हाती खंजिरीच्या जातीचे वाद्य दिले. व्हाइटला सत्राचे पाच-सहा पौंड मिळाले, रॉयल्टी नाही. त्या दिवशीचे त्याचे वादन आजही विकले जात आहे.

चौकडीचा करारही पाहण्यासारखा होता. सुमारे साडेसहा शिलिंगांना, म्हणजे ऐंशीच्या आसपास पेनींना विकल्या जाणाऱ्या तबकडीमागे चौघे आणि त्यांचा व्यवस्थापक यांना मिळून एक पेनी. त्यांची पहिली मोठी तबकडी ज्या दिवशी झाली तो ११ फेब्रुवारी १९६३ चा दिवस तर कारखान्यातल्या तीन पाळ्यांचाच होता. सकाळचे सत्र, दुपारचे सत्र, रात्रीचे सत्र; एका दिवसात दहा गाणी. लेननचा सर्दीने बसलेला गळा फाटेल म्हणून सर्वांत आरडाओरड्याचे गाणे शेवटाला ठेवलेले. पोरांनी गाइले, मार्टिनने निवडले, पगारी तंत्रज्ञांनी मुद्रित केले आणि हेझ येथील कारखान्यातल्या कामगारांनी तबकड्या दाबल्या.

मार्टिनचे स्वतःचे काय? १९६२ साली करार नवा करताना त्याने मागणी केली होती की, कंपनीच्या विक्रेत्यांना विक्रीवर कमिशन मिळते, तसे तबकडी बनविणाऱ्यालाही मिळावे. ती फेटाळली गेली. त्याचा पगार वर्षाला ३,००० पौंडांच्या घरात होता. वाईट नव्हता, हेझच्या कामगाराने तो ऐकला असता तर डोळे विस्फारले असते. परंतु १९६३ साली त्याने मुद्रित केलेल्या गाण्यांनी बावन्नपैकी सदतीस आठवडे इंग्लंडच्या खपाच्या यादीत पहिला क्रमांक धरून ठेवला होता. वर्षअखेरीस नाताळचा बोनस वाटला गेला. मार्टिनला मिळाला नाही. त्याचा पगार मर्यादेच्या वर जात होता.

बोनस हा शब्द आला की मुंबईच्या माणसाला थांबावेच लागते. १९२४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांनी बोनससाठीच संप केला होता. पहिल्या महायुद्धापासून मालक जो बोनस देत आले तो त्यांनी थांबविला, आणि सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने निर्णय दिला की कामगारांचा त्यावर कायदेशीर हक्क शाबीत होत नाही. म्हणजे बोनस ही बक्षिसी. मालक खूश तर बक्षिसी, नाखूश तर नाही. तो मागे राहिलेला पगार आहे, नफ्यातला हिस्सा आहे, हे कायद्याच्या पुस्तकात लिहून घ्यावयास १९६५ साल उजाडावे लागले. आणि त्या कायद्यातही महिना १,६०० रुपयांच्या वरच्या पगारदाराला दार बंद होते. मर्यादेच्या वरचा माणूस जणू काही नफा निर्माणच करीत नाही! लंडनच्या मार्टिनला जे उत्तर मिळाले, त्याच जातीचे हे उत्तर.

मार्टिनने पुढे १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात या बोलण्यांचा वृत्तांत दिला आहे. कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक लेन वुड यांनी त्याला अखेर तीन टक्क्यांचा देकार दिला, पण त्यातून खर्च वजा. त्या हिशेबाने १९६३ सालासाठी ११,००० पौंड झाले असते. मात्र हिशेब समजावून सांगता सांगता त्यांच्या तोंडून गेले की, मार्टिनच्या तबकड्यांवर त्या एका वर्षात कंपनीला २२ लाख पौंड नफा झाला आहे. आम्ही आजवर अनेक वाटाघाटींना बसलो आहोत. मालक आपला नफ्याचा आकडा आपण होऊन सांगतो, असा प्रसंग आमच्या नशिबी कधी आला नाही. ज्याच्या नशिबी आला, त्याचे कंपनीशी असलेले नाते त्याच क्षणी तुटले, असे तो स्वतःच म्हणतो.

याच वृत्तांतात आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते ती त्याच्या साऱ्या वाद्यरचनांइतकी मोलाची आहे. चौकडीची एक पेनी दुप्पट करावी, असे मार्टिनने वुडना सुचविले. वुड तयार झाले, पण बदल्यात करार पाच वर्षांनी वाढवून हवा म्हणाले. मार्टिन म्हणाला, बदल्यात काही मागावयाचे नाही. त्यांचे आहे म्हणून द्यावयाचे. त्या दिवसापासून कंपनीत त्याच्याकडे फितूर म्हणून पाहू लागले. स्वतःला बोनस नाकारला गेलेला पगारदार दुसऱ्याच्या पेनीसाठी भांडतो, हे युनियनमध्ये राहूनही सर्वांना जमत नाही.

ऑगस्ट १९६५ मध्ये त्याने ईएमआय सोडली. एकट्याने नव्हे. जॉन बर्जेस आणि रॉन रिचर्ड्स हे ईएमआयचे आणि पीटर सुलिव्हन हा डेक्काचा, असे आणखी तिघे बरोबर निघाले आणि चौघांनी एआयआर नावाची आपली संस्था काढली. ज्यांच्या तबकड्या खपत होत्या ते बहुतेक गायक या चौघांच्या हातचे. बीटल्सना मार्टिनच हवा होता. तेव्हा ज्याला कालपर्यंत महिन्याचा पगार दिला त्यालाच कंपनीला आता बाहेरून बोलवावे लागले आणि विक्रीवर हिस्सा द्यावा लागला. बीटल्सच्या तबकड्यांवरचा हिस्सा अगदी तुटपुंजा होता, फितींची मालकी कंपनीकडेच राहिली. तरी तत्त्व मान्य झाले. पुढे निर्मात्याला रॉयल्टी ही त्या धंद्यातली रीतच झाली. चार माणसे एका वेळी उठून गेली, एवढ्याने हे घडले. याला संप म्हणत नाहीत, पण परिणाम संपाचा झाला.

मात्र हा विजय चौघांचा होता, आणि चौघांच्या हाती बाजाराची नाडी होती. खाली उरले त्यांचे काय? अॅबे रोडवर ध्वनियंत्रणा सांभाळणारा जेफ एमेरिक १९६६ साली वीस वर्षांचा होता. ढोलाच्या अगदी जवळ मायक्रोफोन नेऊन त्याने नियमपुस्तकाबाहेरचा आवाज काढला. केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने त्याच वर्षी एकच आवाज आपोआप दुहेरी करण्याची युक्ती शोधली, ती जगभर गेली. दोघेही पगारपत्रकावर होते. आणि त्यांच्याही पलीकडे वादक होते. ते तर पगारपत्रकावरही नव्हते. ते सत्रापुरते येत, तीन तास वाजवीत आणि पेटी उचलून जात.

इंग्लंडातील वादकांची संघटना जुनी आहे. १८९३ साली मँचेस्टरला तिची स्थापना झाली. तीन तासांचे सत्र, ठरलेला दर, वेळ संपली की ओव्हरटाइम, हे तिने झगडून मिळविलेले नियम. त्या नियमांमुळे वादकाची पिळवणूक थांबली. पण त्याच नियमांनी त्याचा हक्क घड्याळाशी बांधला. तीन तास संपले की वादनाशी त्याचा संबंध संपला. २८ एप्रिल १९६६ रोजी 'एलेनॉर रिग्बी' या गाण्यासाठी मार्टिनने आठ तंतुवादक बोलाविले : चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. त्या गाण्यात चौकडीपैकी कोणीच वाद्य वाजविलेले नाही. जे वाजते ते सारे या आठांचे, आणि मार्टिनच्या कागदाचे. त्यांना सत्राचा दर मिळाला.

त्या वर्षीच्या डिसेंबरात लेननने एकाच गाण्याची दोन निरनिराळी मुद्रणे मार्टिनपुढे ठेवली आणि एकाचा आरंभ दुसऱ्याच्या शेवटाला जोडून द्या म्हटले. मार्टिन म्हणाला, दोहोंची लय वेगळी आहे आणि सूरही वेगळा आहे. लेननचे उत्तर, ते तुम्ही बसवाल. त्याने आणि एमेरिकने एक फीत किंचित जलद, दुसरी किंचित सावकाश फिरवून सांधा बसविला. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' गाण्यात साधारण एका मिनिटावर तो सांधा आहे. आम्ही कान लावून ऐकला, पन्नासाव्या वेळी सापडला.

१० फेब्रुवारी १९६७ ची रात्र तर वादकांच्या संघटनेच्या इतिहासात लिहून ठेवावी अशी. 'अ डे इन द लाइफ' या गाण्यातल्या चोवीस मात्रागटांच्या मोकळ्या जागेसाठी चाळीस वादक बोलाविले होते. मार्टिनने प्रत्येकाच्या कागदावर त्याच्या वाद्याचा सर्वांत खालचा सूर लिहिला, शेवटी वरचा लिहिला, आणि सांगितले की खालून वर ज्याने त्याने आपल्या मनाने चढावे. शेजारी काय वाजवितो तिकडे मुळीच लक्ष देऊ नये. एकमेकांबरोबर वाजविणे हाच ज्यांचा जन्माचा धंदा, त्यांना हे सांगावयाचे! काहींच्या नाकांवर खोटी नाके चढविलेली होती. चाळीस जणांचा मिळून खर्च ३६७ पौंडांच्या आसपास आला, आणि तेवढ्याचीही उधळपट्टी म्हणून चर्चा झाली. या तबकडीच्या मुद्रणाला सर्व मिळून सुमारे २५,००० पौंड लागले, हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

त्याच तबकडीवर जॉर्ज हॅरिसनचे हिंदी धाटणीचे एक गाणे आहे. त्यासाठी १५ मार्चला लंडनमधील एशियन म्युझिक सर्कल या संस्थेमार्फत दिलरुबा, तबला, तंबोरा वाजविणारे आले. पुढे ३ एप्रिलला मार्टिनने आठ व्हायोलिन आणि तीन चेलो त्यावर बसविले. दिलरुब्याची मींड पाश्चात्त्य व्हायोलिनवर उतरविणे सोपे नाही. स्वरांच्या मधल्या जागा त्याने कागदावर खुणांनी दाखविल्या आणि हॅरिसनने त्या गाऊन समजाविल्या. वेष्टनावर हॅरिसनचे नाव आले, तबकडीवर मार्टिनचे आले. दिलरुबावाल्यांची नावे आली नाहीत. ती शोधून लोकांसमोर येण्यास पन्नास वर्षे लागली.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईला आला आणि ईएमआयच्याच इथल्या स्टुडिओत त्याने एका चित्रपटाचे संगीत मुद्रित केले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे कलावंत त्या कामात होते. त्याच भेटीत 'द इनर लाइट' या गाण्याची वाद्यसंगत मुंबईत झाली. फेब्रुवारीत तीवर लंडनला मार्टिनच्या देखरेखीखाली आवाज चढविला गेला आणि मार्चमध्ये ती बीटल्सच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर निघाली. मार्टिन स्वतः मुंबईला आला नव्हता. आला असता तर त्याला येथेही ओळखीचा तंटा ऐकू आला असता. साठच्या दशकातच लता मंगेशकर यांनी गायकाला रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला होता. महंमद रफी यांचे मत असे की, पैसे घेतले की गायकाचा संबंध संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले होते. रफींच्या उदारपणाविषयी आम्हांला आदर आहे, परंतु या बाबतीत लताबाईंचे बरोबर होते.

पुढच्या आयुष्याविषयी थोडक्यात. १९७० साली मार्टिनच्या संस्थेने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर स्वतःचा स्टुडिओ उघडला, १९७९ साली वेस्ट इंडीजमधील माँटसेरात बेटावर दुसरा. तो १९८९ च्या वादळाने मोडला आणि १९९५ पासून ज्वालामुखीने बेटाचा मोठा भाग राखेखाली घातला. मार्टिनने तेथील लोकांसाठी १९९७ साली लंडनमध्ये जलसा करून निधी उभारला. १९९६ साली त्याला सर ही पदवी मिळाली. कानांवर जगलेल्या माणसाचे कान म्हातारपणी गेले. मुलाच्या कानांनी तो ऐकू लागला. ८ मार्च २०१६ रोजी, नव्वदाव्या वर्षी, तो वारला. ईएमआय त्याच्या आधीच गेली होती. २०१२ साली तिचे तुकडे होऊन फिती युनिव्हर्सल कंपनीकडे गेल्या.

राहिला वादकांचा प्रश्न. २०११ साली युरोपात नियम झाला आणि १ नोव्हेंबर २०१३ पासून ब्रिटनमध्ये कायदा लागू झाला, की ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत पन्नासावरून सत्तर वर्षे करावी. कंपन्यांना ती हवीच होती. पण वादकांच्या संघटनांनी तीत एक कलम घालून घेतले. एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडलेल्या वादकांसाठी कंपनीने वाढीव वीस वर्षांत दरसाल त्या मुद्रणाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा बाजूला काढावा. पहिल्या 'लव्ह मी डू'च्या तबकडीची पन्नास वर्षे २०१२ च्या अखेरीस भरली होती, म्हणून ती या कायद्यात बसली नाही. 'एलेनॉर रिग्बी' बसली. तिची पन्नास वर्षे २०१६ अखेर पुरी झाली, आणि जानेवारी २०१७ पासून त्या आठ तंतुवादकांचा हिस्सा कायद्याने सुरू झाला.